पायउतार ड्रॅगून आणि जेवणाचं टेबल

३ ऑक्टोबर, गुरुवार
ठरलं. नोव्हेंबरमध्ये क्लबात टेबलावर बोटभर शिपायांच्या लढाईचा सामना, त्यात माझी सगळी मदार ड्रॅगूनांवर. घोड्यावरून जायचं, मोक्याच्या जागी पायउतार व्हायचं, बंदुकीने लढायचं. नेपोलियनचे ड्रॅगून स्पेनच्या गल्लीबोळांत असेच लढले. आमच्या क्लबातल्या मंडळींना मात्र घोडा दिसला की नुसती धडक मारायची असते. इतिहासाची ही विटंबना मी चालू देणार नाही.

मॅव्हिस म्हणाली, इतिहासाचं नंतर बघू, आधी जेवणाचं टेबल रिकामं कर. मुलगी शाळेत असल्यापासून त्यावर स्पेन मांडलाय आणि आपण मांडीवर ताटं घेऊन जेवतोय. नाताळला ती नवऱ्याला घेऊन येणार, त्याला काय जिन्यात बसवू?

मी म्हटलं, सामना हरलो तर टेबल तुझं. बायकोने ओले हात पुसले, येऊन हात मिळवला आणि गेली. बिचारी.

१० ऑक्टोबर
चर्चच्या हॉलमध्ये क्लबची सभा. माझं भाषण. नवा नियम मांडला: ड्रॅगून उतरले की चारांतला एक जण घोडे धरून मागे राहील. ते घोडे टेबलावर प्रत्यक्ष मांडावे लागतील. शत्रूने पकडले तर बाकीचे शेवटपर्यंत पायी. ‘सत्य गैरसोयीचं आहे म्हणून खोक्यात ठेवायचं का?’ असं विचारलं. टाळ्या.

अनुमोदन ग्लिनचं. ग्लिन म्हणजे दातांचा निवृत्त डॉक्टर आणि या सामन्यातला माझा प्रतिस्पर्धी. म्हणाला, ‘बर्नार्ड, जन्मभर लोकांना तोंड उघडा म्हणत आलो. तुला कधी सांगावं लागलं नाही बघ.’ कौतुक म्हणून घेतलं.

नियम एकमताने मंजूर. चहाची किटली उकळत होती, हा निव्वळ योगायोग.

१४ ऑक्टोबर
आजपासून रोज चार शिपाई रंगवणार. अढळ निश्चय.

२६ ऑक्टोबर
एकही नाही. कोटाचा हिरवा नेमका कोणता, यावर तीन पुस्तकांत तीन मतं. घाईने हिरवा लावणाऱ्यांतला मी नव्हे. मॅव्हिसला दोन रंग दाखवले. म्हणाली, दोन्ही वाटाण्याचे.

१६ नोव्हेंबर
शिपाई झाले. अप्रतिम. एकाच्या मिशीवर अख्खी दुपार गेली, पण मिशी बोलते. घोडे राहिलेत. घोडे काय, तासाभराचं काम.

२० नोव्हेंबर, रात्री
घोडे अजून रंगाआधीच्या करड्या अस्तरात. बिनरंगी सैन्य आणेल त्याच्या कपात चहा सर्वांत शेवटी ओतायचा, हा क्लबचा रिवाज मीच सुरू केलेला. काळजी नाही. घोडे टेबलाच्या पार टोकाला, झाडीमागे ठेवीन. नियमही पाळला जाईल, लाजही राहील. याला म्हणतात डावपेच.

२१ नोव्हेंबर
सामना. सुरुवात दैदीप्यमान. ड्रॅगून झाडीमागे उतरले, चालत गेले, गाव घेतलं, ग्लिनच्या पायदळाला भिंतीआडून भाजून काढलं. आता मागे येऊन घोड्यांवर बसायचं, पूल गाठायचा, सामना खिशात.

ग्लिनने सँडविच खाता खाता विचारलं, ‘त्या झाडीमागे काय ठेवलंयस रे?’

म्हटलं, काही नाही.

‘काहीच नाही ना? मग माझे हुसार जरा फिरून येतात.’

त्याचे घोडेस्वार फिरून आले ते माझे सगळे घोडे घेऊन. करडे घोडे भर टेबलावर, सर्वांसमोर. ग्लिनने एक उचलून दिव्याखाली धरला. ‘अरे, हे घोडे नव्हेत, घोड्यांची भुतं आहेत.’

नियम शिथिल करण्याबाबत मी चार शब्द बोललो. बरेच बोललो असेन. ग्लिनने माझंच भाषण जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. टाळ्या मला मिळाल्या होत्या त्याहून जास्त.

ड्रॅगून पुलाकडे पायी निघाले. वेळ संपली तेव्हा अर्ध्या वाटेवर होते. मिशीवाला सर्वांत पुढे.

चहा शेवटी मिळाला. गार.

२२ नोव्हेंबर
स्पेन खोक्यात. नैतिक विजय माझाच, कारण नियम अचूक ठरला. मॅव्हिसला हे समजावलं. ती टेबलक्लॉथला इस्त्री करत होती.

रात्री टेबलावर जेवण. मटण भरलेली पाई आणि वाटाणे. ती त्या टोकाला, मी या टोकाला. इतकं लांब टेबल आहे हे विसरलोच होतो. मीठ तिच्याकडे होतं. म्हटलं, जरा दे.

म्हणाली, ‘चालत ये. तुझ्या लोकांना सवय आहे.’