पेन अडखळतं तेव्हा

ती. आईस, वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, पोटभर जेवते. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला जन्मापासून दिसत नाही, पण चहा ओतताना ती एक थेंबही सांडत नाही. मी बघतच राहते.

पहिल्याच दिवशी शहाणपणा करून मी तिचं टेबल आवरलं. संध्याकाळपर्यंत तिला काही सापडेना. "आवरलंस की हरवलंस?" म्हणाली. आता प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवते. तुझ्या अठरा वर्षांच्या ओरडण्याने जमलं नव्हतं ते.

बाबांचा गुडघा कसा आहे? लपवू नकोस.

आत्ता ती खिडकीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "आईला लिहितेस ना? पेन सारखं अडखळतंय."

तिच्यापुढे काय लपवणार? तुझी फार आठवण येते, आई.

तुझी,
धाकटी