परसाची हद्द

लिहून ठेवणार मी, बाळी कोम येसाजी, म्हणजे येसाजीची बायको, वय साठाच्या आसपास, जात कुणबी, धंदा शेती, राहणार कुंभारवाड्याकडची वाडी, पेटा सुपे. माझी अक्कल ठिकाणावर आहे. म्हातारीला लागीर झालंय असं ज्याला वाटतं, त्यानं आधी माझ्या परसात अर्धा दिवस एकट्यानं काढून दाखवावा, मग बोलावं. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकानं नव्हे, राजीखुशीनं सांगते आहे आणि कॅसलरॉकचे भिकाजी लिहीत आहेत.

कलम पहिले. राहते घर, भांडीकुंडी आणि माझी चांदीची वाळी सून केशर हिला द्यावी. लाडू माझा एकुलता एक मुलगा, तरी घर त्याच्या नावानं करत नाही. घर माझं म्हणजे परसही माझं, असं तो म्हणणार, आणि तेच मला नको आहे. केशरनं त्याला पोटभर जेवू घालावं, पण परसात पाऊल टाकू देऊ नये.

कलम दुसरे. कोयती शेजारच्या धाकलूकडे आहे. मागून नेली, ती परत आणलीच नाही. धाकलू साक्षीला समोरच बसला आहे, मान खाली घालून. ती कोयती त्यालाच राहू द्या, पण माझी म्हणून वापरावी.

कलम तिसरे, परसाबद्दल. डोंगरावरचं रान तोडून जाळायचं आणि नाचणी पेरायची, ती आमची कुमरी बंद झाली. मग उरलं ते घरामागचं परस. दारातून थुंकलं तर कुंपणापलीकडे पडेल एवढंच. त्यात मी मिरची, वाल, दोडकी, कणगराचे कंद लावले आणि सगळ्यांची पोटं भरली. पण आमच्या घरकारांचं, म्हणजे लाडूच्या बापाचं, मन त्यात मावेना. उठता बसता एकच: "बाळ्ये, आणखी थोडी जमीन असती तर!"

आमच्यात रानाच्या राखणदाराकडे, म्हणजे रान राखणाऱ्या देवाकडे, जमीन मागताना नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, आणि त्यात हद्द सांगावीच लागते, ह्या ओहोळापासून त्या आंब्यापर्यंत. घरकारांनी नारळ ठेवला आणि म्हणाले, "आम्हाला पुरंल एवढी दे, म्हाराजा."

मी मागून म्हटलं, "अवो, हद्द सांगा की!"

"गप गं. मागायचीच तर कमी कशाला मागू?"

राखणदारानं दिली. आम्ही एक खुंटा उपटला नाही, तरी पावसाळा सरला तेव्हा कुंपण लांब गेलं होतं. बाहेरून बघाल तर परस पूर्वीएवढंच. आत शिराल तर चालतच राहाल. घरकार हरखून गेले. दरसाल कुंपण आणखी लांब, दरसाल ते नव्या मातीत बी टाकणार. तिथली भाजी दांडगी व्हायची, पण किती जाळ लावला तरी शिजायची नाही. एकदा कणगर खणलं, तर हाताला ऊबदार लागलं, झोपलेल्या माणसाच्या पायासारखं. मी ते तसंच परत पुरलं.

एके दुपारी घरकार मागचं कुंपण बघायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. वाघानं नेलं म्हणून वाडीनं सुतक पाळलं. अहो, वाघ कुदळ चालवतो का? दुपार कलली की लांबून कुदळ वाजते. मी हाका मारल्या, पदर पसरला, ऊर बडवून रडले. एकदाच उत्तर आलं.

"अजून हाय गं थोडी."

आता लाडू म्हणतो, "आये, बा एकटा किती खणणार? मी जातो हाताखाली." त्याचे डोळे बापासारखेच चमकायला लागले आहेत. माझा नवरा गेला तो गेला, पण पोर मी देणार नाही. म्हणून परस कोणालाही दिलेलं नाही. विकू नये, वाटून घेऊ नये. ते राखणदाराला परत आहे, आणि राहिलेली हद्द मीच सांगणार आहे.

लिहिणाराची नोंद: इथवर लिहून झाल्यावर परसातून पुरुषाचा आवाज आला, "लाडू, पहार घेऊन ये रे." आम्ही सर्वांनी ऐकला. लाडू "व्हय बा" म्हणत उठला. बाळीबाईंनी त्याला दंडाला धरून खाली बसवलं आणि केशरला म्हणाल्या, "मिठी मार त्याला, सोडू नको." कागदावर अंगठा केला. नारळ घेऊन मागच्या दारात गेल्या आणि मोठ्यानं बोलल्या, "म्हाराजा, जमीन मागितली ती आम्हा दोघांपुरती. येसाजी आन बाळी. आमच्यावर हद्द संपली. तिसरं न्हाई." मग आत चालत गेल्या. त्यांची पाठ फार वेळ दिसत राहिली. लाडू केशरला झिडकारून धावला, तेव्हा चार पावलांवरच कुंपण त्याच्या छातीला लागलं. पलीकडे नुसतं रान होतं.

बाळीबाईंचे मरण कोणी पाहिलेले नाही. तरी आई आता परत येणार नाही असे लाडूने रडत सांगितल्यावरून हा कागद आजपासून लागू धरला आहे.

बाळी कोम येसाजी, डाव्या हाताचा अंगठा
साक्ष: उमाजी, सही
साक्ष: धाकलू, अंगठा
हस्ताक्षर: भिकाजी, मुक्काम कॅसलरॉक
कुंभारवाड्याकडची वाडी, वैशाख वद्य पंचमी, शके १८३४