झाकणावरची रेघ

अमरावती
४ फेब्रुवारी २०२४

चि. देवानंद यास,

बेबीमावशीचे अनेक आशीर्वाद. घ्यायचे असन तर घे, नाही तर राहू दे पाकिटातच, त्यायले काही खायले लागत नाही. आमी इकडे बरे आहोत. तू हिवरखेडले बरा असशीन असं धरून चालते.

पत्र पाहून हसशीन. पण फोन तू उचलत नाही, आन उचलला तरी फोनवर माहं तोंड सुटते हे तुले माहीत आहे. कागदावर जरा धीर राहते. शाळेत बाईनं शुद्ध लिहायची सवय लावली होती, पण तसं लिहिलं तर तुले वाटन तहसीलची नोटीस आली. म्हणून बोलते तसंच लिहून राहिली.

झेंडू यंदा बरा आला. गिलक्याची वाट लागली. रागिणीचे बाबा रोज सकाऊन पिकअप घेऊन मार्केटले जातात आन आल्यावर आधी चहा नाही, आधी रेसची गाडी फडक्यानं पुसतात. बोलत काही नाहीत, तुले माहीतच आहे. आमचे पंजाबराव बोलले म्हणजे पेपरात द्यावं लागन.

पहिला सीझन संपला. दुसऱ्या शर्यतीत आपली रागिणी अकरावी आली. तिसरीत गाडी चिखलात रुतली. चौथीत सहावी! अठ्ठावीस गाड्यायत सहावी, देवानंद, आन त्या अठ्ठावीस जणायत एकटी पोट्टी. खाली उतरली तर सारं तोंड मातीनं भरलेलं, नुसते दात दिसून राहिले होते. मले रडू आलं. कोणी पाहू नाही म्हणून मी पदरानं गाडीची काच पुसत बसली.

लोकं विचारतात, मावशी तुमची टीम कशी सुरू झाली? त्यायले वाटते कोण्या कंपनीनं पैसा लावला असन. मी सांगते, मूर्तिजापूरच्या रस्त्यावर फुलाची पिकअप बंद पडली, तिथून सुरू झाली. एक काडीपैलवान मिस्त्री अकोल्याहून फटफटीवर हत्यारं घेऊन आला, अर्ध्या तासात गाडी चालू केली, आन "अमरावतीपर्यंत इंजिनचा आवाज ऐकतो" म्हणून फटफटी तिथीच ठेवून रागिणीच्या बाजूले बसला. त्या खड्ड्याच्या रस्त्यानं तिनं पिकअप अशी आणली की एक क्रेट हलला नाही. उतरून तू मले म्हटलं, "मावशी, या हाताले चांगली गाडी पायजे. मी बनवतो." मले वाटलं, उन्हानं याच्या डोक्यावर परिणाम झाला.

मंग तू खरंच एक भंगारातली गाडी आणून आमच्या फुलाच्या शेडात उभी केली. आठ महिने दर रविवारी अकोल्याहून एसटीनं येत होता. पाइप वाकवून आतला पिंजरा, गाडी पलटली तरी चालवणारा वाचावा असा, तू एकट्यानं वेल्डिंग केला. अन् ती तुही खडूची सवय! नट कसला की त्याच्यावर एक पांढरी रेघ. "रेघ नाही म्हणजे काम झालं नाही, मावशी." चहा थंड होऊन जाये, पण रेघ मारल्याबिगर तू कपाले हात लावत नव्हता. मी बम चिडे. आता दुसऱ्या मिस्त्र्यायचं काम पाहते तवा समजते की तू काय चीज होता.

उरलेल्या रंगात रंग मिसळून गाडी झेंडूच्या रंगाची झाली, आन नाव बी तूच ठेवलं, झेंडू रेसिंग. मैदानावर सारे हसले. तू म्हणे, "हसू द्या. आधी पुढून हसतात, मंग मागून पाहतात." आता मागून पाहून राहिले, बाप्पा.

एक काम आहे. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. इथल्या मिस्त्र्यानं दोनदा खोललं, काही फरक नाही. रागिणी सांगत नाही, पण सांजीले मनगटाले तेल लावते. तुले काही सुचलं तर लिहून पाठव.

पहिल्या शर्यतीचं काय लिहू. तिसऱ्या चक्करले वाफ निघाली, गाडी उभी राहिली, रेडिएटर उघडलं तर कोरडं ठाक. मी सगळ्या मैदानात ओरडली की हा पाणी भरायले विसरला, माही पोट्टी मेली असती. तू बॉनेटकडे आला तर तुह्या हातातून पाना हिसकला, हात लावू देला नाही. तू गेला तो गेलाच. अकोल्याचं गॅरेज बी बंद केलं म्हणतात, आन गावी ट्रॅक्टर दुरुस्त करून राहिला. पाणी विसरलं का नाही विसरलं, चार लोकायत तसं बोलायले नको होतं. रागात बोलली. एवढं लिहून थांबते.

तुही,
बेबीमावशी


अमरावती
१८ नोव्हेंबर २०२४

चि. देवानंद यास,

आशीर्वाद.

तुहं पाकीट फेब्रुवारीतच भेटलं होतं. वर मायना नाही, खाली सही नाही, मंधात एका चाकाचं चित्र आन तीन ओळी. तो कागद मिस्त्र्याच्या हातात देला. त्यानं तसंच केलं आन गाडी सरळ थांबायले लागली! चाळीस कोस दूर बसून, गाडीले हात न लावता. मिस्त्री कागद परत देत म्हणे, "मावशी, हा माणूस कोण आहे?" मी म्हटलं, आमचाच आहे. म्हटलं खरं, आन कागद घडी करून ठेवून देला.

उत्तर द्यायले नऊ महिने लागले. कामं होती असं लिहिणार होती, पण कामं तर नेहमीचीच आहेत.

दुसरा सीझन पाहायले तू पायजे होता. नागपूरले रागिणी तिसरी आली. अन् मागच्या रविवारी अकोल्यात, तुह्या अकोल्यात, पहिली! शेवटच्या वळणावर समोरची गाडी बाहेर गेली आन आपली आतून अशी निघाली की रागिणीचे बाबा "अवं माय!" म्हणून ओरडले. पूर्ण सीझनमधी त्यायचे तेवढेच दोन शब्द. बक्षीस घेताना माइकवाल्यानं विचारलं, गाडी कोणी बनवली? रागिणी म्हणे, "अकोल्याच्या देवानंदभाऊनं. मी फक्त चालवते." तुह्या अकोल्याच्या लोकायनं टाळ्या वाजवल्या.

माह्या मागं एका मोठ्या टीमचा मालक उभा होता. तो हसून बाजूच्याले म्हणे, "तोच ना, पाणी भरायले विसरला तो? मी त्याले कामावर घेणार होतो, बरं झालं वाचलो." मी बक्षिसाची ढाल हातात घेऊन उभी होती. मागं वळून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलली, देवानंद. माहं हे एवढं मोठं तोंड, भाजीच्या एका जुडीसाठी मार्केट डोक्यावर घेणारं, तिथी उघडलंच नाही.

आता लिहिते. थांबली तर पुन्हा लिहिणार नाही.

दसरा होऊन पाच दिवस झाले होते त्या पहिल्या शर्यतीले. मी गाडीसाठी हार आणला होता. तू म्हटलं, "मावशी, रेडिएटरसमोर काही नको, हवा अडते," आन हार काढून माह्या हातात देला. देला बी किती अदबीनं, दोन्ही हातानं. पण मले राग आला. माह्या घरी दसऱ्याले विळ्याले हार, वजनकाट्याले हार, सायकलच्या पंपाले बी हार, आन माही लेक जीव धोक्यात घालून चालली त्या गाडीले नाही? तपासणी झाली, तू हेल्मेट आणायले गेला. मी तो हार समोरच्या जाळीतून हात घालून आत कोंबला. कोणाले दिसू नाही असा. अन् तो साध्या सुतात ओवला नव्हता. शर्यतीत तुटू नाही म्हणून मी मुद्दाम नायलॉनच्या दोऱ्यात ओवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाऊन मी एकटी गाडी धुवायले गेली. पंख्याले दोरा गुंडाळलेला. जळून काळा झालेला, त्याच्यात पाकळ्याचा लगदा. पंखा फिरलाच नाही. पाणी उकळून उडून गेलं. अन् रेडिएटरचं झाकण पाहिलं तर त्याच्यावर तुही खडूची रेघ होती. वाफेनं अर्धी पुसलेली, पण होती.

तू पाणी भरलं होतं.

मी ब्लेडनं दोरा कापला, पदरात बांधला. मिस्त्री आला, म्हणे पंख्याची मोटर जळाली, जुनी होती. मी हो म्हटलं. दोरा हळदीच्या डब्यात ठेवला आहे. रोज भाजीत हळद टाकते आन रोज दिसते. एक वर्ष झालं.

माफी मागायची कशी, ते मले येत नाही. आजपर्यंत कोणाले मागितली नाही.

बेबीमावशी


अमरावती
६ ऑक्टोबर २०२५

देवानंद,

तुहं कार्ड डिसेंबरातच आलं. तोंडपाठ आहे. "मावशी, मले कायले सांगता? मी पाणी भरलं होतं हे मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्यायच्यासमोर बोलल्या त्यायले सांगा." बस. रागाचा एक शब्द नाही. तू शिव्या देल्या असत्या तर मी बी दोन देल्या असत्या आन झोप लागली असती.

दहा महिने हिंमत झाली नाही. दर शर्यतीले ठरवे, दर शर्यतीले काही ना काही निघे. आज पाहुणे आहेत, आज रागिणीचा नंबर आला, आज कायले तिचा आनंद घालवा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी हार ओवत बसली होती. रागिणी सहज म्हणे, "आई, यावर्षी गाडीले बी एक कर ना, छोटा." माहे हात थांबले. मी हळदीचा डबा तिच्यासमोर ठेवला आन सारं सांगतलं.

ओरडली नाही. दोरा बोटाले गुंडाळून पाहत राहिली. मंग म्हणे, "आई, दोन वर्षं?" एवढंच. तीन दिवस माह्याशी फक्त क्रेट मोजायपुरती बोलली. शनिवारी हेल्मेट माह्या मांडीवर ठेवलं. म्हणे, "उद्या तू सांगतलं तर मी गाडीत बसीन. नाही सांगतलं तर झेंडू रेसिंग बंद."

काल शर्यत होती. तेच मैदान, जिथी मी तुले बोलली होती. सुरू व्हायच्या आधी सगळ्या टीमा एका जागी जमतात, नियम सांगतात, ते तुले माहीत आहे. मी जाऊन माइक मागितला. त्यायले वाटलं मावशी आशीर्वाद देते.

माइक दोन्ही हातानं धरला. मी म्हटलं, "दोन वर्षांआधी इथी मी एका माणसाले खोटं पाडलं. त्यानं पाणी भरलं होतं. गाडी माह्या हारानं बंद पडली. तो नाही म्हणत असताना मी चोरून आत घातला होता, आन दुसऱ्या दिवशी समजल्यावर बी दोन वर्षं चूप बसली. त्या माणसाचं नाव देवानंद. ही गाडी त्याची आहे." मंग दोरा वर धरून दाखवला. कोण्या तरी पोट्ट्यानं शिटी मारली, त्याले बाजूच्यानं हाणली. तो मोठ्या टीमचा मालक पुढं आला, दोरा हातात घेऊन पाहिला आन मले म्हणे, "त्याचा पत्ता द्या." देला. तुहं मन होईन तर बोल त्याच्याशी. माणूस वाईट नाही. वाईट मी होती, त्यानं फक्त ऐकलं.

रागिणीच्या बाबायनं काय केलं, सांगू? जाऊन बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या झाकणावर बोट ठेवलं आन तसेच उभे राहिले. रडत होते. चाळीस वर्षांत मी त्यायले रडताना पाहिलं नव्हतं. सांजीले म्हणे, "मले माहीत असतं तर मी त्याले हिवरखेडहून खांद्यावर घेऊन आलो असतो." पाह्य बरं, किती मोठं वाक्य बोलले.

रागिणी दुसरी आली. खाली उतरून आधी माह्या गळ्यात पडली, मंग म्हणे, "अजून राग गेला नाही." मी म्हटलं, राहू दे. हक्क आहे तुहा.

पाकिटात दोरा ठेवला आहे. तो तुहा आहे. कोणी तुह्या कामाबद्दल बोललं तर त्याच्यासमोर टाक, आन माहं नाव सांग, पत्त्यासकट.

शेडात पुढच्या सीझनची नवी गाडी येऊन पडली आहे, नुसता सांगाडा. रागिणी कोण्या मिस्त्र्याले हात लावू देत नाही. एकाही नटावर रेघ नाही. तुहा खडू जुन्या गाडीच्या खणात होता, तो मी नव्या गाडीवर काढून ठेवला. ये असं म्हणत नाही. ते म्हणायचं तोंड मले राहिलं नाही. फक्त खडू कुठी आहे ते सांगून ठेवलं.

तुले खोटं पाडणारी,
बेबी

(मावशी लिहिलं नाही. तू म्हणशीन तवा लिहीन.)