विहिरीचा नमुना आणि गावाची अब्रू

तीर्थस्वरूप अण्णा,

धाकट्या बहिणीचा, सत्यभामेचा नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील, वहिनींची शुगर ताब्यात असेल आणि उमरग्यात नळाला पाण्यासारखं पाणी येत असेल, अशी आशा करते. इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण तसं काही नाही.

वरच्या अंगाचा दारूचा कारखाना वर्षभर आपलं मळीचं काळं पाणी आमच्या ओढ्यात सोडतो आहे. गावाची पिण्याची विहीर ओढ्यापासून पन्नास पावलांवर. तिचं पाणी आता बिनदुधाच्या चहासारखं दिसतं आणि त्याला आंबलेला वास मारतो. शेजारच्या गौराबाईची म्हैस हौदाला नाक लावून माघारी फिरते (तिला अर्ज करावा लागत नाही). पोरांच्या अंगावर पुरळ उठलं आहे. मी चार अर्ज केले, पाचव्याला जिल्ह्याहून तपासणीचे साहेब आले.

आता आपल्या लोकांची तऱ्हा ऐका. साहेब येणार म्हटल्यावर आमचे सरपंच बलभीम यांनी विहिरीवरचा फेस जाळीनं काढला, काठ झाडून घेतला, वर आंब्याची पानं बांधली. मी म्हटलं, दवाखान्यात जाताना तू फोडावर पावडर लावून जातोस का रे? तर म्हणतो, "ताई, पाव्हण्यापुढं गावाची अब्रू जाती की." म्हणजे घाण प्यायली तर चालते, ती पाहुण्याला दिसायला नको. साहेबांना फेटा बांधला, शाल दिली, खव्याचे पेढे चारले. पेढ्यांनंतर साहेबांना विहिरीपर्यंत चालवेना. खुर्चीवरूनच म्हणाले, नमुन्याला बाटलीभर पाणी आणवा. बाटली आली. बुचावर लाखेची मोहोर लावून ते गेले.

गेल्या आठवड्यात अहवाल आला. रंग नाही, वास नाही, पिण्यास योग्य. कारखान्यानं त्याचा फ्लेक्स करून फाटकावर टांगला आहे, खाली समस्त ग्रामस्थांचे आभार. त्या दिवसापासून बलभीमला दिसेल तिथं थांबवून बोलते आहे. तो मान खाली घालून ऐकून घेतो.

वहिनींना नमस्कार.

सत्यभामा

ता. क. सोमवारी दुसरा नमुना घेणार आहेत. त्यासाठी मी दोन दिवस कचेरीच्या पायरीवर बसले. तुम्ही तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंत. रविवारच्या बसनं या, येरमाळ्याला उतरा. बाटली तुमच्या हातानं, थेट विहिरीतून भरायची.

आणखी एक, हे वहिनींना वाचून दाखवू नका. ती पहिली बाटली माझ्या स्वयंपाकघरातून गेली. बी.एस्सी.ला शिकले तसे वाळूचे आणि कोळशाचे माठ मी घरात मांडले आहेत, त्यांतलं गाळलेलं पाणी मी स्वतः भरून दिलं. नमुन्याला हवं आहे, हे ठाऊक होतं. तरी माझ्या घरातून पाहुण्यापुढं घाण पाणी जावं, हे हाताला जमलं नाही. बलभीमला आज संध्याकाळी जाऊन सांगते, साहेबांना सोमवारी. तुम्ही शेजारी उभे राहा, आणि बाटलीला माझा हात लागू देऊ नका.