उलटे पायजमे

लाडक्या आईला, डुलुथहून सोल्वेगचा गोड गोड पापा.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे? अंगणातला बर्फ त्यांना एकट्याने उपसू देऊ नकोस.

माझे शाळेतले सराव पाठ चालू आहेत. बर्फ येणार म्हटल्यावर मी वर्गाला तुझी युक्ती सांगितली: पायजमा उलटा घालून झोपा, बर्फ पडतो आणि शाळेला सुट्टी मिळते.

बर्फ कमरेएवढा पडला. पण आता शाळेला सुट्टी नसते, शाळा घरोघरी टॅबलेटवर भरते. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी पडद्यावर सगळी पोरं उलट्या पायजम्यांत, शिवणी बाहेर.

वर्गातला ऑगी म्हणाला, "मिस, आम्ही तर सगळं बरोबर केलं होतं."

मी म्हटलं, "चला, अपूर्णांक काढा."

वर्गाच्या बाई खूश. "सगळे हजर! चांगली शिक्षिका होशील तू." तेव्हा माझ्या नोकरीची काळजी नको.

उद्या पुन्हा बर्फ आहे. आज विचारलं, "उलटा पायजमा कोण कोण घालणार?" एकही हात वर आला नाही.

"तुम्हीच घाला, मिस," ऑगी म्हणाला.

घातलाय, आई.

तुझीच,
सोल्वेग