नको ते इथे ठेवा

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! ह्यांची बदली झाल्यापासून नव्या गावात मला कोण नोकरी देणार म्हणून जीव टांगणीला लागला होता, आणि आज माझ्या पर्समध्ये वर्गाची किल्ली आहे. दुसरीचा वर्ग, बत्तीस मुलं, त्यांतली एक माझीच लेक. शाळेत बाई म्हणायचं आणि घरी आई, हे तिला वाटेत चारदा पढवलं. पाचव्यांदा तिनेच मला पढवलं. पोरीच्या तोंडाला विश्रांती म्हणून नाही.

वर्ग मात्र बघवत नाही. भिंती तेलकट पिवळ्या, त्यावर डोकी टेकून टेकून पडलेले काळे डाग, एक ट्यूबलाइट सारखी फडफडणारी. फळ्याच्या बाजूला भिंतीत कपाटाएवढा खोल कोनाडा आहे, त्यात मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या की शाळेतला सगळ्यात दंगेखोर वर्ग हाच, आणि या वर्षातली मी तिसरी शिक्षिका. महिनाअखेर वर्ग ताळ्यावर आला तर नोकरी कायम, नाहीतर नमस्कार. मी म्हटलं, अशा खोलीत मीसुद्धा दंगा करीन. आधी खोली तर बदलू द्या.

९ तारीख, रविवार

सुट्टीचे दोन्ही दिवस रंगात गेले. कंबर मोडली, पण काय खोली झालीय! भिंती फिकट हिरव्या, खिडक्यांना पातळ पांढरे पडदे, बाटल्यांतून वेली, दारावर प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी. ह्यांनी स्टुलावर चढून ट्यूब बदलली आणि जणू वीज शोधून काढल्याच्या तोऱ्यात चहा मागितला.

सगळ्यात जीव ओतला तो कोनाड्यात. खुर्च्या काढल्या, घासून पुसून गालिचा अंथरला, घरच्या सहा उशा टाकल्या, निळा पडदा लावला. बाहेर एका छोट्या स्टुलावर पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ. राग आला, रडू आलं, की आत जाऊन बसायचं, वाळू संपली की बाहेर यायचं. वर मी माझ्या सुबक अक्षरात पाटी रंगवली: ‘इथे निवांत बसा. नको असेल ते इथेच ठेवून जा.’ लेकीने विचारलं, ठेवलेलं मग कोण नेणार? काय एकेक प्रश्न! मी म्हटलं, कुणी नाही, आता ब्रश धू.

११ तारीख, मंगळवार

पहिला मान भोंग्याचा. त्याचं खरं नाव हजेरीत आहे, पण एकदा ओरडला की पलीकडच्या वर्गातले खडू हातातून पडतात, म्हणून हे नाव. डबा सांडला म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं. आत बसवला. पाच मिनिटांनी बाहेर आला, सांडलेलं स्वतः पुसलं, जागेवर जाऊन हाताची घडी घातली. दिवसभर एक शब्द नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं!

१४ तारीख, शुक्रवार

आता मुलं आपणहून आत जातात. ‘का पण, का पण’ करून डोकं उठवणारी ती दोन वेण्यांची मुलगी काल जाऊन आली. आज दिवसभर तिने काही विचारलं नाही. शाळा सुटताना तीन आया मला गाठून म्हणाल्या की घरी पोरं एका हाकेत उठतात, पानात वाढलेलं मुकाट खातात, असं काय केलंत हो बाई? मोठ्या बाईंनी मला सगळ्या शिक्षकांसमोर उभं करून शाबासकी दिली. बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती, आणि मी ती मन भरून बघितली.

एकच सांगायचं तर भोंगा आज मैदानावर पडला, गुडघा चांगला फुटला. रडला नाही. रक्ताकडे बघत उभा राहिला. शूर आहे म्हणून मी त्याची पाठ थोपटली.

१८ तारीख, मंगळवार

वर्ग बघायला वरून दोन साहेब आले. एकतीस मुलं पुतळ्यासारखी. बत्तिसावी माझी. उठून सरळ त्यांच्यापाशी गेली आणि सांगू लागली, की आमची आई इथे हळू बोलते पण घरी खूप ओरडते, आणि गंमत म्हणजे –

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दंड धरून तिला कोनाड्याकडे नेलं. वाटेत ती म्हणत होती, बोलू दे ना आई, संपवू दे ना. ‘आई’ म्हणाली, ‘बाई’ नाही. मी पडदा ओढला. वाळू संपली तेव्हा साहेब अजून बसलेले होते, म्हणून मी घड्याळ पुन्हा उलटं केलं.

साहेब खूश होऊन गेले. नोकरी कायम.

१९ तारीख, बुधवार

सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने विचारलं, बाई, मी पाणी पिऊ का?

मी हसले. आई म्हण, म्हटलं. तिने मान डोलावली. शाळेतून घरी आल्यावर पुन्हा बाई. मला तुम्ही म्हणते. सासूबाई म्हणाल्या, चला, पोरीला वळण लागलं. हे म्हणाले, घर कसं शांत वाटतंय. मी गुदगुल्या केल्या, तर संपेपर्यंत उभी राहिली आणि मग फ्रॉक नीट केला.

२० तारीख, गुरुवार

मधल्या सुट्टीत वर्गात एकटीच वह्या तपासत होते. मुलं अंगणात, ओळीत. कोनाड्यातून आवाज आला. रजईखाली तोंड दाबून कुणी ओरडावं तसा. भोंग्याचाच. पडदा बाजूला केला, आत कुणी नाही. उशीला कान लावला. का पण, का पण, का पण. खाली आणखी कितीतरी, एकमेकांत मिसळलेले, हसणारे, भांडणारे.

आणि सगळ्यात वर, अगदी ताजा, माझ्या लेकीचा. आणि गंमत म्हणजे – ऐका ना – आणि गंमत म्हणजे –

पुढचं तिला येतच नाही. मीच तोडलं होतं ना ते.

२१ तारीख, शुक्रवार

पाटी उपटली. पडदा फाडला. उशा मागच्या अंगणात नेऊन उसवल्या, कापूस निघाला, नुसता कापूस. आवाज कोनाड्यातच आहेत.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दमला आहात. पालकांना कळलं तर ते दारात आले, मुलांच्या नाही, कोनाड्याच्या काळजीने. भोंग्याच्या आईला मी हात जोडून सांगितलं की तुमचा मुलगा आत आहे, परत घ्या. ती म्हणाली, बाई, सात वर्षांनी मी पहिल्यांदा दुपारी झोपले.

कुणाला दोष देऊ? आठवड्यापूर्वी मीही अशीच मिरवत होते.

२४ तारीख, सोमवार

नवा पडदा. नव्या उशा. पाटी शाळेने छापून आणली – प्रत्येक वर्गासाठी एक. आज सकाळपासून सगळी मुलं ओळीने आत जाऊन येतात. कुणी सांगत नाही. माझी लेकही. दर वेळी थोडी –

आज तिला तिचा वाढदिवस आठवेना. काही बिघडत नाही बाई, म्हणाली.

मलाच आत जावं लागेल. ठेवलंय ते उचलताही येत असेल. येतच असेल.

२५ तारीख, मंगळवार, मधली सुट्टी

आत बसलेय. वही मांडीवर. ती इथेच आहे, कानाशी. हात नेला की – सरकते –

लेकीला हाक मारली. ये ग, तुझं तू घेऊन जा, मी रागावणार नाही, काय गंमत ती सांग, सगळी सांग – पडद्याबाहेरून म्हणाली, नको बाई. आम्हाला बरं आहे.

पावलं. खूप. मोठ्या बाई कुणाला तरी म्हणताहेत, बसू द्या त्यांना, होतील शांत. घड्याळ स्टुलावर टेकलं. उलटं –

पडदा सरकत नाही.

ओरडले. जोरात. ऐकू आलं, पण तोंडातून नाही – मागून, उशांतून – माझाच –

पुन्हा उलटं केलं –

आता ठीक वाटतंय. हिरवा रंग चांगला निवडला कुणीतरी. कशाला आले होते –

इथे एक मुलगी रडतेय. आई, आई करतेय. गोड आवाज आहे. कुणाची आहे कोण जाणे. तिच्या आईला कुणीतरी कळवायला हवं, की