नमुनेदार नवखा

दि. ८ ऑक्टोबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत. माझ्या खुशालीबद्दल मात्र पुढचं वाचून मगच मत बनव.

आधी तक्रार. कुंडीतल्या मातीवर मी आपल्या ऑनलाइन कट्ट्यावर एवढा सांगोपांग लेख लिहिला, तर तिघांनी त्यावर नुसता अंगठा उमटवला. अंगठा! आजोबांच्या काळी अंगठा उमटवणाऱ्याला साक्षर करायला लोक घरी यायचे. आता साक्षर मंडळी आपणहून तिकडे परत निघाली आहेत.

याहून मोठं दुःख नव्या सभासदांचं. 'कुंडीकट्टा' ऑनलाइन सुरू केला तेव्हा वाटलं होतं, घरोघरच्या बाल्कन्यांतलं ज्ञान एकत्र येईल. आलं काय? आडवे फोटो, आणि खाली 'छान ना?' मी नियमावली लावली. ती वाचून नवे लोक पळाले. मग एक युक्ती सुचली. 'कोवळा कोंब' नावाचा सभासद तुला आठवत असेलच. नम्र, अभ्यासू, आधी स्वतःची चूक सांगून मग शंका विचारणारा. त्याच्या प्रत्येक लेखाखाली चालक या नात्याने मी लिहायचो, 'नवोदितांनी असं लिहावं.'

ताई, तो कोंब मीच.

स्तुती करणारा आणि करवून घेणारा एकच. अद्वैताची इतकी स्वस्त अनुभूती आजवर कुणी घेतली नसेल. परवा एका खात्यातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरताना तुझ्या भावजयीने मला पकडलं. म्हणाली, "स्वतःच्या पाठीवर थाप मारायला हात पुरतो का हो तुमचा?"

"अगं, हे नव्यांना उत्तेजन आहे."

"हो का? मग ताईंना काय दिलंत?"

मी चष्मा पुसत बसलो. तो स्वच्छच होता.

कट्ट्यावर ये म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो. तू आलीस आणि लिहिलंस, 'ह्यांनी लावलेलं लिंबू यंदा फुललं नाही. पाणी मी रोज घालते. ते आणखी काय करायचे, मी कधी विचारलंच नाही. कुणाला माहीत आहे का?' त्याखाली मी, तुझा सख्खा भाऊ, पक्षपात नको म्हणून तुला अहो-जाहो करून उत्तरलो, 'माहिती अपुरी. कुंडीचा व्यास व उन्हाचे तास नमूद करावेत. नमुन्यादाखल कोवळा कोंब यांचं लेखन पाहावं.'

तू पाहिलंस. आणि फोनवर म्हणालीस, "अरे, तो माझ्याबरोबरच आला ना? किती शिस्तीत लिहितो! आपलं काही ते काम नाही बाबा." मी काय म्हणालो? "हं, हुशार आहे खरा." त्या क्षणी मला चक्क बरं वाटलं, ताई. लाज नंतर आली, आणि ती आता मुक्कामालाच आहे.

काल कट्ट्यावर सगळं कबूल केलं. आमचे प्लंबरकाका म्हणाले, "मला संशय होताच. पानांवर मावा पडलाय म्हणून बोंबलणारा नवखा माणूस 'तथापि' कशाला लिहील?" सगळे हसले, प्रकरण मिटलं. तुला हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तू "असू दे रे" म्हणाली असतीस आणि मी सुटलो असतो.

तुझ्या ओळी मी पुन्हा वाचल्या. त्यांत काहीही अपुरं नव्हतं. भाऊजी गेल्यापासून तू आपणहून कुणाला काही विचारलं नव्हतंस. पहिल्यांदा विचारलंस, आणि मी कुंडीचा व्यास मागितला. हल्ली फोन मीच करतो, तू "बरं आहे" म्हणतेस आणि ठेवतेस. कट्टा चालो न चालो. तू आता मलाही कधी काही विचारणार नाहीस, एवढीच मला भीती वाटते.

लिंबाबद्दल खरोखर काहीही न कळणारा,
तुझा धाकटा